ड्रॉपडाउनमध्ये 'पुणे'च्या जागी कचरा दिसतोय? बिघाड असा शोधा

सर्व्हरवर तयार होऊन आलेल्या ड्रॉपडाउनमध्ये गावांच्या नावांऐवजी भलतंच काही दिसू लागलं, की पहिला हात फॉन्टकडे किंवा सीएसएसकडे जातो. तिथे क्वचितच काही सापडतं. मजकूर डेटाबेसमधून निघतो, पीएचपीतून जातो, हेडरसोबत (पानाच्या आधी सर्व्हर पाठवतो त्या माहितीच्या ओळी) ब्राउझरपर्यंत पोचतो. यातल्या कुठल्या टप्प्यावर तो नासला, हे बरंचसं कचऱ्याच्या रूपावरूनच कळतं. इथे पीएचपी आणि मायएसक्यूएल धरून सांगितलं आहे.

आधी व्ह्यू सोर्स (कंट्रोल-यू) उघडा, इन्स्पेक्ट नको. इन्स्पेक्टमध्ये ब्राउझरने दुरुस्त केलेलं आणि जावास्क्रिप्टने बदललेलं पान दिसतं. सर्व्हरने काय धाडलं ते सोर्समध्येच. तिथे नावं नीट असतील तर सर्व्हरला हात लावू नका, दोष पुढच्या बाजूला आहे.

आता रूप बघा. रिकामे चौकोन दिसले तर बाइट शाबूत आहेत, फॉन्टमध्ये देवनागरी नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन 'ए' आणि त्यामागे चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह अशी जोडी पुन्हा पुन्हा आली, तर यूटीएफ-८ (अक्षरांचे बाइट करण्याची सर्व लिप्यांना चालणारी पद्धत) मधला मजकूर कोणीतरी विंडोज-१२५२ (रोमन लिपीपुरती जुनी पद्धत) समजून वाचलाय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि पहिले दोन बाइट ई०-ए४ किंवा ई०-ए५ असतात, म्हणून तीच जोडी दिसत राहते. अशा वेळी डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये पानाचा कंटेंट-टाइप हेडर तपासा. तिथे कॅरसेट (मजकूर कुठल्या पद्धतीने वाचायचा ते सांगणारं नाव) यूटीएफ-८ च हवा. पानाच्या एचटीएमएलमधला कॅरसेटचा मेटा टॅग बरोबर असूनही हेडर चुकीचा असेल तर हेडरचंच चालतं. अपाचे या वेब-सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये 'ॲड-डिफॉल्ट-कॅरसेट' नुसतं 'ऑन' ठेवलं तर आयएसओ-८८५९-१ जातो. हेडरमध्ये कॅरसेट नसेल तर मेटा टॅग पानाच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये असावा लागतो, त्यामुळे तो हेडच्या अगदी सुरुवातीला लिहा.

हेडर बरोबर असूनही कचरा किंवा साधी प्रश्नचिन्हं येत असतील, तर डेटाबेसला थेट विचारा. एका ओळीसाठी नाव, हेक्स(नाव) म्हणजे साठवलेले बाइट आणि लेंग्थ(नाव) म्हणजे बाइटांची संख्या सिलेक्ट करा. 'पुणे' हे ४ चिन्हांचं, म्हणून लांबी १२ आणि हेक्सची सुरुवात ई०ए४एए अशी हवी. हे जुळलं तर डेटा सुखरूप आहे आणि फक्त कनेक्शनचा कॅरसेट चुकलाय: पीएचपीतून डेटाबेसला पीडीओने जोडत असाल तर त्याच्या डीएसएनमध्ये (जोडणीचा तपशील देणारी स्ट्रिंग) कॅरसेट यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) लिहा, मायएसक्यूएलआय असेल तर कनेक्शन उघडल्याबरोबर सेट_कॅरसेट करा. हेक्समध्ये ३एफ३एफ३एफ३एफ दिसलं (३एफ म्हणजे '?') तर खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली आहेत. ती अक्षरं परत येत नाहीत, मूळ यादी पुन्हा भरावी लागते.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. हेक्स सी३ए०सी२ए४ ने सुरू होतो आणि लांबी १२ ऐवजी २५ येते. म्हणजे जुनं ॲप लॅटिन१ (विंडोज-१२५२ चं मायएसक्यूएलमधलं नाव) कनेक्शनवरून यूटीएफ-८ बाइट लिहीत होतं आणि वाचतही तसंच होतं. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून जुन्या पानावर सगळं आलबेल, आणि कनेक्शन सुधारलं की तेच पान नासतं. बॅकअप घेऊन आधी एकाच ओळीवर करून बघा: कॉलम कन्व्हर्टने लॅटिन१ मध्ये, मग कास्टने बायनरीत, मग कन्व्हर्टने यूटीएफ८एमबी४ मध्ये. सरसकट अपडेट मात्र मारू नका. नंतर भरलेल्या ओळी बहुधा नीट असतात आणि याच क्वेरीने त्यांची प्रश्नचिन्हं होतात. हेक्स सी३ए० ने सुरू होणाऱ्या ओळीच निवडा.

काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह नावाच्या शेवटीच येत असेल तर कोडमध्ये सबस्ट्र (मजकुराचा तुकडा कापणारं पीएचपीचं फंक्शन) शोधा. ते बाइट मोजतं: २० बाइटांत ६ चिन्हं बसतात आणि सातव्याचे २ बाइट लटकत राहतात. एमबी_सबस्ट्र वापरल्यावर हिरा जातो, पण मात्रा किंवा जोडाक्षर मधेच तुटू शकतं. त्यासाठी इंटल एक्स्टेन्शनमधलं ग्राफीम_सबस्ट्र घ्या. याच तुटक्या बाइटांमुळे पीएचपी ८.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत ऑप्शन चक्क रिकामे येतात, कारण एस्केप करणाऱ्या (अँपरसँडसारखी खास चिन्हं एचटीएमएलसाठी सुरक्षित करणाऱ्या) एचटीएमएलस्पेशलचार्स या फंक्शनला अवैध यूटीएफ-८ मिळालं की ते निमूटपणे रिकामी स्ट्रिंग परत करतं. त्याला ईएनटी_सबस्टिट्यूट हा पर्याय दिला की नाव दिसेल, हिऱ्यासकट. खरा इलाज कापण्याच्या जागीच.

यादीत 'पिंपरी चिंचवड' पूर्ण दिसतं, पण सेव्ह 'पिंपरी' एवढंच होतं? ऑप्शनच्या व्हॅल्यूभोवती अवतरणचिन्हं नाहीत. नावात अँपरसँड असेल आणि त्याच्या पुढे 'एएमपी;' अशी शेपटी दिसत असेल, तर एस्केप दोनदा झालंय; टेम्प्लेट स्वतः एस्केप करत असेल तर आपलं काढा.

सोर्स स्वच्छ असून वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जात असतील तर लाइन-हाइट १ वरून १.५ च्या पुढे न्या. शिरोरेषा तुटक दिसत असेल तर लेटर-स्पेसिंग शून्य करा. इंग्रजी डिझाइनच्या थीममधून ते हमखास येतं. बदल दिसत नसेल तर आधी कंट्रोल-शिफ्ट-आर, नाहीतर बरोबर केलेली दुरुस्ती उगाच मागे घ्याल.