क्रिप्टोग्राफी लायब्ररीतला बग काढताना या चुका टाळा

क्रिप्टोग्राफी लायब्ररीत चुकीचा कोडही बरोबर उत्तर देतो. मजकूर एन्क्रिप्ट होतो, परत उलगडतो, सगळ्या टेस्ट पास होतात, आणि तरी गुप्त किल्ली वेळेच्या फरकातून किंवा मेमरीतून बाहेर जात असते. त्यामुळे ‘टेस्ट पास झाल्या, पॅच मर्ज करा’ ही इतर प्रोजेक्टमधली सवय इथे अंगाशी येते.

वॉर्निंग गप्प करणं

सर्वांत महागात पडलेलं उदाहरण डेबियन या लिनक्स डिस्ट्रोचं. ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफी लायब्ररीचा रँडम जनरेटर न भरलेली मेमरी वाचतो, अशी तक्रार व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) करत होतं. ती थांबवायला २००६ मध्ये दोन ओळी काढल्या गेल्या. एक खरोखर निरुपद्रवी होती. दुसरीतूनच एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न येणारा कच्चा माल, जनरेटरमध्ये मिसळली जायची. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड झालं तेव्हा पॅकेज अपडेट करून भागलं नाही, मधल्या काळात तयार झालेल्या किल्ल्याच बदलाव्या लागल्या.

वॉर्निंग आली की आधी तो बाइट आला कुठून ते शोधा. व्हॅलग्राइंडचा ट्रॅक-ओरिजिन्स हा ऑप्शन त्यासाठीच आहे. मग ते फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं ते पाहा. तक्रार खरंच निरर्थक असेल तर तेवढ्या जागेपुरती सप्रेशन फाइलमध्ये नोंद करा, कोडला हात लावू नका. डिस्ट्रोसाठी पॅच करत असाल तर मूळ प्रोजेक्टला नेमका डिफ दाखवा. ‘या ओळी काढल्या तर चालेल का’ असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघमच मिळतं.

उणे एकला ‘हो’ समजणं

ओपनएसएसएलमध्ये सही तपासणारं फंक्शन सही बरोबर असेल तर १, चुकीची असेल तर ० आणि तपासणीच करता आली नाही तर उणे १ परत करायचं. सी भाषेत शून्य नसलेली प्रत्येक संख्या खरी. त्यामुळे ‘शून्य आलं तरच नाकारा’ असं लिहिलेल्या कोडाने मुद्दाम मोडकी बनवलेली डीएसए आणि ईसीडीएसए (डिजिटल सहीच्या दोन पद्धती) सही स्वीकारली. सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत हीच सीव्हीई-२००८-५०७७. तुलना नेहमी ‘१ नसेल तर नाकारा’ अशी करा, आणि एक जागा सापडली की ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) त्या फंक्शनचे सगळे कॉलर तपासा. असा बग एकटा कधीच नसतो.

सोर्सकडे पाहून ‘कॉन्स्टंट टाइम’ म्हणणं

कॉन्स्टंट टाइम म्हणजे गुप्त माहिती काहीही असो, कोडला लागणारा वेळ तोच. मेमसीएमपी हे मेमरीची तुलना करणारं फंक्शन पहिला वेगळा बाइट दिसताच थांबू शकतं, म्हणून मॅक (संदेश बदललेला नाही हे पटवणारा कोड) तपासायला ते चालत नाही. सगळ्या बाइटचे एक्सॉर एकत्र ऑर करून शेवटी एकदाच निकाल पाहायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. अडचण पुढे आहे. सीच्या नियमांत वेळेची हमी कुठेच नाही, आणि कंपायलर तुमचा मास्क (अट न लिहिता बिटांनी केलेली निवड) ओळखून त्याचं ब्रँचमध्ये रूपांतर करू शकतो. कायबर या एन्क्रिप्शन पद्धतीच्या संदर्भ कोडात नेमकं हेच सापडलं: क्लँग या कंपायलरच्या काही आवृत्त्या ठरावीक ऑप्टिमायझेशनवर गुप्त बिटवर अवलंबून असलेली जंप तयार करत होत्या. त्याच कोडात ३३२९ ने केलेला भागाकारही गुप्त संख्येवर होता, आणि भागाकाराला लागणारा वेळ अनेक प्रोसेसरवर संख्येनुसार बदलतो.

तपासणी बायनरीचीच करा. टेस्टमध्ये गुप्त किल्लीची मेमरी ‘न भरलेली’ म्हणून मार्क करा आणि व्हॅलग्राइंडखाली चालवा. त्या किल्लीवर अवलंबून असलेली प्रत्येक ब्रँच आणि प्रत्येक टेबल-इंडेक्स ते दाखवून देतं. (डेबियनमध्ये नको झालेली तक्रार इथे मुद्दाम ओढवून घ्यायची.) भागाकार मात्र ते पकडत नाही, त्यासाठी ऑब्जडंपचं (बायनरीतल्या सूचना दाखवणारं टूल) आउटपुट वाचावंच लागतं. हे सगळं प्रत्येक कंपायलर आणि प्रत्येक ऑप्टिमायझेशन पातळीसाठी वेगळं करावं लागतं.

किल्ली पुसण्याचंही तसंच. फंक्शनच्या शेवटी केलेलं मेमसेट ‘पुढे कोणी वाचत नाही’ म्हणून कंपायलर उडवून टाकतो. एक्सप्लिसिट-बीझीरो किंवा लायब्ररीचं स्वतःचं क्लेन्झ फंक्शन वापरा.

या भागातली दुरुस्ती सर्वांत धोक्याची. २०१३ च्या लकी थर्टीन या वेळेच्या फरकावर आधारित हल्ल्यावरच्या ओपनएसएसएलच्या दुरुस्तीत कोड पुन्हा लिहिताना ‘मॅक आणि पॅडिंगपुरता डेटा आहे का’ ही तपासणी सुटली आणि २०१६ मध्ये नवी पॅडिंग ओरॅकल (पॅडिंग बरोबर की चूक यावरून मजकूर उलगडू देणारी फट) सापडली. वेळ समान करताना जुन्या कोडातली प्रत्येक अट कुठे गेली, याची यादी शेजारी ठेवा.

रँडम टेस्टवर विसंबणं

मोठ्या संख्यांच्या गणितात हातचा चुकण्याचे बग रँडम इनपुटला सापडत नाहीत. ओपनएसएसएलच्या वर्ग काढणाऱ्या फंक्शनमधला एक बग (सीव्हीई-२०१४-३५७०) ६४-बिट प्लॅटफॉर्मवर २ च्या १२८ व्या घातात एकदा दिसण्याइतका दुर्मीळ होता. म्हणून इनपुट हाताने निवडा: ०, १, मॉड्युलसपेक्षा एक कमी, मॉड्युलस स्वतः, सगळे बिट १ असलेले शब्द. उत्तर एखाद्या संथ, सरळ बिगनम (मोठ्या संख्यांच्या) कोडाशी ताडा. वायचप्रूफ या तयार टेस्ट-संचाचे टेस्ट व्हेक्टर सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये) घाला आणि ‘नाकारलं पाहिजे’ अशा टेस्ट विसरू नका. २०२२ मध्ये जावाच्या १५ ते १८ आवृत्त्या आर आणि एस (सहीतल्या दोन संख्या) दोन्ही शून्य असलेली ईसीडीएसए सही बरोबर मानत होत्या. त्यासाठी एक ओळीची टेस्ट पुरली असती.

‘माझ्या मशीनवर होत नाही’

होणारच नाही, कारण तुमच्या प्रोसेसरवर वेगळाच कोड चालतो. ओपनएसएसएल ३.०.४ मधला २०४८-बिट आरएसए किल्लीचा मेमरी बग फक्त एव्हीएक्स-५१२ आयएफएमए या खास सूचना असलेल्या प्रोसेसरवर दिसायचा. रिपोर्ट करणाऱ्याकडून कमिट, कंपायलरची आवृत्ती, कॉन्फिगर ऑप्शन आणि प्रोसेसरचे फ्लॅग मागा. मग नो-एएसएम (हाताने लिहिलेली असेम्ब्ली वगळणारा) ऑप्शनने बिल्ड करा. बग गायब झाला तर संशय असेम्ब्लीवर. राहिला तर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून सी कोड तपासा.

घाईने पुश करणं

सुरक्षेचा बग उघड्या इश्यूत चर्चू नका, आणि रिलीज तयार नसताना दुरुस्ती सार्वजनिक ब्रँचवर टाकू नका; डिफ वाचून हल्ला लिहिणारे असतात. जुन्या ब्रँचवर नेताना आधी फक्त टेस्ट न्या आणि ती तिथे फेल होते हे पाहा. ती पासच झाली, तर एकतर त्या ब्रँचवर बग नाही किंवा टेस्ट तिथपर्यंत पोहोचत नाही. यातलं कोणतं, हे ठरल्याशिवाय पॅच लावू नका.