रस्त्यावरच्या कुत्र्याला मदतनीस बनवायचंय? माझा अनुभव वाचा

जळगावात मी रस्त्यावरची आजारी, जखमी कुत्री घरी आणून बरी करतो आणि त्यातली जमतील ती अपंग किंवा कमी ऐकू येणाऱ्या माणसांच्या मदतीसाठी ट्रेन करतो. बरीच पोरं विचारतात की यात यायचंय, कुठून सुरू करू, म्हणून एकदाच लिहितो.

आधी स्वतःची रेबीजची लस, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. ती घेतली तरी चावलं की 15 मिनिटं साबणानी वाहत्या पाण्यात जखम धुवायची आणि दवाखान्यात जायचंच.

मग कुत्र्याची तब्येत. आपल्याकडे गोचीड ताप भलता. चांदी नावाच्या कुत्रीला भुसावळहून आणली तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक होत्या, डॉक्टरांनी 28 दिवस डॉक्सीसायक्लिन दिलं. आणि हो, प्रेमानी ठेचा लावलेली भाकरी टाकू नका, लसूण-कांद्यानी तांबड्या पेशी फुटतात आणि गोचीड तापात त्या आधीच कमी झालेल्या असतात.

आता खरं काम. चांदी पाच दिवस खाटेखालीच होती, हात वर केला की अंग चोरून घ्यायची. मी तिच्याकडे पाठ करून बसायचो, बाजूला अंड्यात कुस्करलेली कळण्याची भाकरी ठेवून, काही बोलायचो नाही. सहाव्या दिवशी गार नाक माझ्या कोपराला लागलं. मी हललो नाही. मला वाटतं ट्रेनर म्हणून सगळ्यात आधी शिकायचं ते हेच, न हलणं.

पण पुढे मी घाई केली, तिसऱ्याच आठवड्यात तिला भुसावळ स्टेशनवर नेलं, आवाजाची सवय व्हावी म्हणून, गाडीचा भोंगा वाजला आणि ती थरथरत जागेवर मुतली, तोवरची सगळी मेहनत गेली. चूक माझी होती.

तेव्हापासून मी आधी घरातच स्टीलची थाळी पाडून बघतो, तीपण लांबून. कुत्रं दचकणारच, ते चालतं, सावरायला किती वेळ लागतो ते बघायचं. खंड्या दचकला आणि चार सेकंदात थाळी हुंगायला आला! असं कुत्रं कामाचं. त्याला आधी नाकानी गुडघ्याला शिवायला शिकवलं, शिवला की चिकनचा तुकडा, मग मोबाईलवर कुकरची शिट्टी अगदी बारीक आवाजात लावून तेच, मग गुडघ्याला शिवून किचनपर्यंत न्यायचं. आता तो ऐकू न येणाऱ्या एका मावशींकडे असतो, शिट्टी झाली की त्यांना उठवून नेतो. ओरडून, मारून यातलं काहीच जमलं नसतं.

पूर्ण तयारीला दीड-दोन वर्षं धरा. बस, हॉटेलात कुत्र्याला घेतीलच असं नाही, म्हणून घरातल्या कामापासून सुरू करा. मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, तेव्हा सराव पहाटेच, डांबरावर हाताची पालथी बाजू 7 सेकंद टेकवत नसेल तर बाहेर काढूच नका.

आणि सगळी कुत्री या कामाला होत नाहीत, तसं दिसलं की वेळेत थांबा आणि चांगलं घर शोधा. चांदी चोपड्याला एका रिटायर्ड गुरुजींकडे आहे. फटाके वाजले की अजून खाटेखाली जाते, म्हणून दिवाळीत गुरुजींच्या घरचे तिथे आधीच गोधडी घालून ठेवतात.