फायकसची पानं मिटली म्हणून डाळिंबावर फवारू नका

पावसाळ्यातल्या छाटणीनंतर फायकस बेंजामिनाच्या कुंपणाला पालवी फुटली की शेंड्याची पानं निरखून बघा. पान मधल्या शिरेवर घडी पडल्यासारखं मिटलंय, वर जांभळट-लाल ठिपके आहेत, तर तो रोग नव्हे. आत फुलकिडे (थ्रिप्स) आहेत.

असं एक पान पांढऱ्या कागदावर उलगडा. काळेभोर, सडपातळ, 3 मिलिमीटरच्या आसपासचे किडे पळताना दिसतील. भिंगातून पाहिलं तर पोटाचं टोक नळीसारखं निमुळतं. सोबत पांढरी लांबट अंडी, फिकट पिवळी पिल्लं. हा गायनायकोथ्रिप्स उझेली. याचाच भाऊबंद फायकोरम हा फायकस मायक्रोकार्पावर असतो. दोघांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो, पण बंदोबस्त सारखाच.

कोवळ्या पानातला रस शोषला की त्याची वाढ बिघडते आणि ते मिटतं. जून पान मिटत नाही. अंडी, पिल्लांच्या 2 अवस्था, मग काही न खाणाऱ्या, कोषासारख्या 3 अवस्था, सगळं त्या घडीतच, साधारण महिनाभरात उरकतं. कोष मातीत नसतात, त्यामुळे ते मारायला बुडाशी माती भिजवून काही साधत नाही.

सोलापूरकडे बांधाला फायकस आणि आत डाळिंब असलं की शेतकरी घाबरून बागेवर पंप चालवतात. तो खर्च वाचवा. हा किडा डाळिंब, द्राक्ष, मिरचीवर वाढत नाही. डाळिंबाची फळं खरवडणारा सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस फिकट पिवळा, जेमतेम 1 मिलिमीटरचा. मिरचीच्या फुलात बसणारा काळा थ्रिप्स पार्विस्पिनसही तेवढाच लहान. बागेत हे दिसले, तरच बागेचा विचार करा.

फायकसची मिटलेली पानं शेंड्यासकट कापा आणि जागच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा. खाली टाकलीत तर प्रौढ उडून पुन्हा पालवीवर बसतात. पिशवी चार दिवस कडक उन्हात राहू द्या. नवी पालवी जून होईपर्यंत दर आठवड्याला फेरी मारा. वरून मारलेलं स्पर्शजन्य (अंगाला लागल्यावरच किडा मारणारं) औषध घडीत पोचत नाही, उलट आत शिरून फुलकिडे खाणारे बारीक ढेकूण मरतात. प्रादुर्भाव हाताबाहेर गेलाच तर आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणाऱ्या) औषधाबद्दल कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

रोपवाटिकावाल्यांनी मिटलेली पानं असलेलं रोप विकू नये, कीड रोपासोबतच गावोगाव जाते. छाटणी करणाऱ्यांना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला सांगा. हे किडे माणसालाही चावतात.