विडंबनगीतांचे संकलन कसे ऐकावे

'वियर्ड अल' यान्कोविक या अमेरिकी विडंबनगायकाची ओळख करून घ्यायची असेल, तर २००९ मध्ये निघालेल्या दोन सीडींच्या 'द इसेन्शियल' या संकलनापासून सुरुवात करावी. १९९३ चा 'द फूड अल्बम' केवळ खाण्यापिण्याच्या विडंबनांचा असल्याने तो, माझ्या मते, नंतर ऐकलेला बरा.

विडंबन लावण्याआधी मूळ गाणे एकदा तरी पूर्ण ऐकावे. मायकेल जॅक्सनचे 'बीट इट' कानांत ताजे असताना १९८४ चे 'ईट इट' लावले, की चाल तीच ठेवून भांडणाच्या जागी जेवणाचा आग्रह कसा बसवला आहे आणि नवे शब्द मूळ उच्चारांना किती चिकटून राहतात, हे ओळीगणिक उमगते. त्यातला गिटारचा तुकडा स्फोटाच्या आवाजाने संपतो, तो घाईत निसटू देऊ नये.

'डेअर टू बी स्टुपिड'साठी मात्र एकच मूळ गाणे शोधत बसू नये. ते डिव्हो या बँडच्या एकंदर शैलीचे विडंबन आहे, त्यामुळे त्या बँडची दोन-चार गाणी आधी ऐकली तरी पुरते. गाण्यांचे शब्द समोर ठेवावेत, कारण पुष्कळशी गंमत भराभर निघून जाणाऱ्या ओळींत असते.