ठाण्यातल्या फ्लॅटला स्कँडिनेव्हियन रूप कसं द्यावं

डिसेंबरात स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये दिवस जेमतेम 6 तासांचा असतो. भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या 7 अंशांच्या आसपासच वर चढतो. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या स्कँडिनेव्हियन देशांतल्या घरांच्या पांढऱ्या भिंती, फिक्कट लाकूड, पडद्याविना खिडक्या ही सगळी त्या तुटपुंज्या उजेडाला घरात धरून ठेवायची खटपट आहे. ठाण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही 11 तासांचा. आपल्याला उजेडाची ददात नाही. आपला त्रास डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाचा, धुळीचा आणि चार महिने मुरणाऱ्या दमटपणाचा. म्हणून मोबाइलवरच्या फोटोतली खोली तशीच उचलून आणली, तर पहिल्याच पावसाळ्यात तिची रया जाते. त्यांची विचार करायची रीत मात्र जरूर घ्यावी: मोजकं सामान, प्रत्येक वस्तूला काम, आणि उजेड कुठून किती येतो याकडे लक्ष.

1. आधी खिडक्या बघा, मग शेडकार्ड

एखाद्या रविवारी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी हॉलमध्ये थोडा थोडा वेळ बसा. कुठली भिंत उजळते, टीव्हीवर तिरीप कधी येते, कुठला कोपरा दिवसभर अंधारा राहतो, हे कागदावर लिहून ठेवा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर पश्चिमेची खिडकी असेल, तर दुपारनंतर शुभ्र पांढरी भिंत डोळ्यांना टोचते. तिथे किंचित राखाडी झाक असलेला ऑफ-व्हाइट बरा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत किंवा वाशीच्या सिडको वसाहतीत समोरची बिल्डिंग हाताच्या अंतरावर असेल, तर पिवळसर झाकेचा उबदार पांढरा घ्या. निळसर पांढरा अशा खोलीत दवाखान्यासारखा दिसतो.

2. सामान कमी करा

यावर फार बोलण्यासारखं काही नाही. माळ्यावरचं, बेडच्या खालचं, दाराआडचं सगळं एकदा बाहेर काढा. जे वर्षभर लागलं नाही ते द्या किंवा विका. हे न करता नवं फर्निचर आणलं, तर फक्त नवी अडगळ होते.

3. ओल शोधा, मगच रंग

फिक्कट भिंतीवर ओलीचा डाग लगेच दिसतो, म्हणून ही पायरी टाळू नका. संशय असलेल्या भिंतीवर जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे. तिथे खिडकी उघडी ठेवणं, एक्झॉस्ट फॅन लावणं पुरतं. भिंतीतूनच ओल असेल, तर वरच्या मजल्याचं बाथरूम, बाहेरच्या भिंतीची भेग किंवा पाइप यांपैकी काय गळतंय ते आधी बघा. नुसती पुट्टी मारून वर रंग दिला, की पुढच्या जुलैत पापुद्रे सुटतात.

दुरुस्ती आणि रंगकाम पाऊस गेल्यावर, भिंती नीट सुकल्यावर काढा. सोसायटीकडून कामाच्या वेळा आणि तोडफोडीचं राबिट कुठे टाकायचं ते आधीच विचारून घ्या. दुपारी ड्रिल मारण्यावरून अर्धी भांडणं होतात. रंग धुता येण्याजोगा, कमी तकाकीचा इमल्शन घ्या. अगदी मॅट रंग फोटोत छान दिसतो, पण मुलांचे हात आणि खुर्च्यांची डोकी त्यावर उमटतात. भिंतीवर दोन फुटांचा नमुना मारून तो रात्री दिव्यातही बघा.

4. लाकूड

खरा खर्च आणि खरी फसगत इथे आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये पाइन, बर्च, अॅश हे फिक्कट लाकूड वापरतात. आपल्याकडे त्यांची जागा रबरवुड चांगली घेतं. चीक देणं थांबलेली रबराची झाडं कापून ते मिळतं, केरळातून येतं आणि रंगाने फिक्कट असतं. मात्र त्याला भुंगा लवकर लागतो, तेव्हा प्रक्रिया केलेलं आहे ना हे विचारा. पाइन स्वस्त आणि देखणं, पण मऊ. जेवणाच्या टेबलाला त्याच्यावर ताटांचे खड्डे पडतात.

सुताराकडून करून घेत असाल तर प्लायवर ओक किंवा अॅशचं विनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा), त्यावर मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश सांगा. मेलामाइन पॉलिश पुढे पिवळं पडतं आणि फिक्कट लाकडावर ते चटकन दिसतं. सिंकखालचं कपाट, बाथरूमजवळचं कपाट यांसाठी आयएस 710 चा, म्हणजे ओलावा सोसणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेला प्लायच वापरा. आयएस 303 या सर्वसाधारण प्लायच्या मानकामध्ये कोरड्या जागेचा एमआर आणि पाणी बऱ्यापैकी सोसणारा बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे येतात, त्यामुळे नुसता आकडा ऐकून मान डोलावू नका. कापलेल्या कडा सगळ्या बाजूंनी बंद करून घ्या, मागची बाजूसुद्धा. पाणी तिथूनच शिरतं.

तयार फर्निचर बघायचं तर तुर्भ्याला 2020 च्या डिसेंबरात उघडलेलं आयकिया या स्वीडिश कंपनीचं दुकान आहेच, आणि उल्हासनगरचं फर्निचर मार्केटही लांब नाही. पहिल्या फेरीत खिशात फक्त मेजपट्टी ठेवा. सोफ्यावर बसून बघा, त्याची मापं लिहून आणा, आणि तो लिफ्टमध्ये मावतो का ते घरी येऊन मोजा. पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) वस्तू घेतलीत तर तिचा तळ फरशीला टेकू देऊ नका. रोजच्या लादी पुसण्याच्या पाण्याने ती खालून फुगते. पायांवर उभं, जमिनीपासून पाच-सहा इंच वर असलेलं फर्निचर आपल्याकडे दुप्पट सोयीचं: खालून झाडू फिरतो, पावसाळ्यात हवाही खेळते. बाहेरच्या भिंतीपासून कपाट दोन बोटं तरी पुढे ओढा.

आता आजोबांच्या सागवानी कपाटाबद्दल. ते पांढरं रंगवायचा मोह होतो. नका रंगवू. 1950 च्या दशकात डेन्मार्कच्या फर्निचरने जगात नाव काढलं ते सागवानावरच. फिन युल यांच्यासारखे डिझाइनर तेच लाकूड वापरत होते. जुनं काळपट पॉलिश घासून काढा, मॅट पॉलिश द्या आणि फिक्कट खोलीत ते एकटंच उभं करा. दुकानातली कुठलीही नवी वस्तू त्याच्यापुढे फिकी पडेल.

उघड्या फळ्यांचा नाद मात्र सोडा. मेट्रोच्या कामाची धूळ झाडता झाडता जीव मेटाकुटीला येतो. एखादी फळी उघडी, बाकी सगळ्याला दारं.

5. दिवे

पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर ते दिव्यांवर घाला. आपल्या हॉलमध्ये भिंतीवर एक पांढरीफटक ट्यूब असते, बहुधा 6500 केल्विनची (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). तिच्याऐवजी 2700 ते 3000 केल्विनचे तीन-चार छोटे दिवे वेगवेगळ्या उंचीवर लावा: सोफ्याशेजारी, कोपऱ्यात, वाचायच्या खुर्चीमागे. डेन्मार्कचे डिझाइनर पॉल हेनिंगसेन यांनी 1920 च्या दशकापासून दिव्यांच्या झाकणांवर काम केलं ते बल्ब डोळ्यांना थेट दिसू नये म्हणूनच. तेवढी एक कसोटी लावून दिवा निवडा.

जेवणाच्या टेबलावरचा टांगता दिवा पृष्ठभागापासून दोन-सव्वादोन फुटांवर हवा. तो पंख्यापासून लांब ठेवा. वाऱ्याने तो झुलतो. छतावरचा दिवाही पात्यांच्या वर येऊ देऊ नका, नाहीतर सावल्या फडफडत राहतात. स्वयंपाकघरात 4000 केल्विन ठेवा, पिवळ्या उजेडात तांदूळ निवडता येत नाहीत.

6. स्वयंपाकघर आणि देव्हारा

पांढरी मॅट शटर्स आणि हळदीची फोडणी यांचं जमत नाही. वरची कपाटं फिक्कट, खालची करड्या किंवा मळखाऊ हिरव्या मायक्याची, आणि गॅसमागे टाइल्स. तडजोड बरी दिसते. देव्हारा फिक्कट लाकडाचा, साध्या रेषांचा करा, पण समईच्या काजळीसाठी मागे टाइल किंवा दगडाची पट्टी लावा. तो पडद्याआड लपवायची गरज नाही. पितळ, जास्वंद, कुंकू हा खोलीतला एकमेव भडक कोपरा असेल तर उलट शोभतो.

7. कापड

स्वीडिश घरांत जुन्या कापडाच्या चिंध्या विणून केलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या असतात. तशीच सुती सतरंजी आपल्याकडे सहज मिळते, शिवाय मशीनमध्ये धुता येते. सोफ्यावर टाकायला सोलापुरी चादर एकरंगी किंवा दोनरंगी निवडा. खिडक्यांना मलमल किंवा लिननचे पातळ पडदे; ते उजेड गाळतात, ग्रिलही झाकतात आणि समोरच्या बिल्डिंगची नजरही. लोकरीची ऊब हवीच असेल तर परदेशी गालिच्यापेक्षा घोंगडी घ्या. मेअखेरीस कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ती गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा बाहेर काढा. मधले चार महिने फरशी उघडीच बरी.