बायबलमधलं कुठलं वाक्य शब्दशः घ्यायचं?

आधी बघा की समोर गोष्ट आहे, कविता आहे की दाखला (म्हणजे शिकवण देण्यासाठी रचलेली छोटी गोष्ट), कारण अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. शास्ते पुस्तकाचा 4था आणि 5वा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा, लढाई एकच. 4थ्यात साधी हकीकत, इस्राएलचा शत्रू असलेला कनानी सेनापती सीसरा, त्याचे 900 लोखंडी रथ, तो पायी पळतो, याएल नावाची बाई त्याला तंबूची मेख ठोकून मारते. 5व्यात इस्राएलची संदेष्टी दबोरा हिचं गाणं, आणि तिथे आकाशातले तारे सीसराशी लढतात! आता तारे काय तलवारी घेऊन खाली आले का, नाही ना, गाणं आहे ते.

मग पुढचं-मागचं वाचा, कधीकधी उत्तर तिथेच दिलेलं असतं. योहान या पुस्तकाच्या 2ऱ्या अध्यायात येशू म्हणतो मंदिर पाडा, मी 3 दिवसांत उभारतो, लोक म्हणतात अहो बांधायला 46 वर्षं लागली, आणि 21व्या ओवीत लेखक स्वतःच सांगतो की येशू आपल्या शरीराबद्दल बोलत होता.

'उजवा डोळा उपटून टाक' हे मत्तय पुस्तकाच्या 5व्या अध्यायातलं येशूचं वाक्य मुद्दाम ताणून बोललेलं आहे, डावा डोळा काय कमी पापी असतो का? पण अलंकार आहे म्हणून सोडून नाही द्यायचं हां, पाप तोडायला सांगितलंय ते खरंच सांगितलंय.

शेवटच्या भोजनात भाकर देताना येशू म्हणतो 'हे माझं शरीर आहे', ते शब्दशः घ्यायचं का यावर मात्र कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अजून भांडतायत, तिथे घाई नको.