आधी अंगठा, मग दंड: बोल्डरिंगच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी

शाळेत असताना मी दोरीचा मल्लखांब केला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोरी पकडायची, तिच्यावर अंगाचा भार सोडायचा, की हात मोकळे. सर आमच्या हातांपेक्षा पायांकडेच जास्त बघायचे. तरीही तेहतिसाव्या वर्षी पुण्यातल्या एका हॉलमध्ये बोल्डरिंगच्या, म्हणजे दोरीशिवाय चढायच्या ठेंगण्या भिंतीला पहिल्यांदा हात लावला, तेव्हा मी चढले ती निव्वळ दंडांच्या जोरावर. पाच-सहा पुल-अप्स येत होते, त्यामुळे सोपे प्रॉब्लेम (बोल्डरिंगमध्ये एकेका चढाईला प्रॉब्लेमच म्हणतात) खेचत खेचत पार झाले. वीस मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत हात लाकडासारखे झाले आणि पाण्याच्या बाटलीचं झाकणही उघडेना.

आता रविवारी सकाळी मी नव्या लोकांबरोबर चढते. बहुतेक जण विचारतात, 'आधी जिममध्ये जाऊन ताकद वाढवू का?' नका वाढवू. ताकद लागतेच, पण सुरुवातीला ती चुका झाकते. पाय चुकीच्या जागी असला तरी दंड ओढून नेतात, आणि पाय चुकला होता हे तुम्हाला कळतच नाही.

त्याहीआधी पडायला शिका. भिंत चारेक मीटर उंच असते, दोरी नसते, खाली साधारण फूटभर जाडीची गादी असते. दोन्ही पाय एकदम टेकवा, गुडघे वाकवा आणि तसंच मागे पाठीवर लोळण घ्या. हात छातीशी ठेवा. मागे हात टेकून पडणं थांबवायला गेलात तर मनगट किंवा कोपर जातं. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या उंचीवरून दहा वेळा पडून बघा. आणि जिथे शक्य असेल तिथे उडी मारू नका, होल्ड (भिंतीवर बसवलेले, हातापायांनी धरायचे उंचवटे) धरत खाली उतरा. उतरताना पाय शोधावा लागतो, तो सरावही आपोआप होतो.

आता पाय. भाड्याचे बूट घेताना बोटं पुढे टेकलेली हवीत, पण दुखता कामा नयेत. होल्डवर तळव्याचा मधला भाग ठेवायचा नाही, अंगठ्याची आतली कड ठेवायची. मधल्या भागावर उभं राहिलात तर पाऊल वळवता येत नाही, टाच उचलून उंची मिळवता येत नाही. अंगठ्यावर उभं राहिलात की दोन्ही जमतं. बूट घातल्यावर मी माझा अंगठाच विसरले होते. दोरीवर इतकी वर्षं ज्याच्यावर लोंबकळले, तोच!

यासाठी एकच व्यायाम मी सगळ्यांना देते: मुकी पावलं. अगदी सोपा प्रॉब्लेम निवडा आणि पाऊल टेकल्याचा आवाज न होता चढा. आवाज झाला तर ते पाऊल पुन्हा ठेवा. यात खरं काम डोळ्यांचं आहे. पाऊल होल्डवर पूर्ण टेकेपर्यंत नजर तिथेच ठेवायची. नवे लोक पाऊल पोचण्याआधीच वरच्या होल्डकडे बघतात, म्हणून ते घसरतं.

हात सरळ ठेवा. खुंटीला पिशवी अडकवावी तसं लटकलात तर भार हाडांवर आणि सांध्यांवर जातो. कोपर वाकलं की प्रत्येक सेकंदाला स्नायू थकतात. वर जायचं ते पायांनी उठून. कंबर भिंतीपासून लांब राहिली तर भार बोटांवर येतो; म्हणून उजव्या हाताने वर पोचायचं असेल तेव्हा उजवी कंबर भिंतीकडे वळवा. पोच लगेच वाढते.

मग ताकद कमी पडतेय की तंत्र, हे ओळखायचं कसं? पूर्ण तीन मिनिटं विश्रांती घ्या. मग जिथून पडलात तीच एक हालचाल करून बघा, खालून न चढता. ताज्या हाताने जमली, तर तुम्ही खाली ताकद उधळली होती. नाही जमली, तर पायाची जागा बदला, कंबर उलटी वळवा, निदान तीन पद्धती करून बघा. तेवढं करूनही त्या होल्डला धरून क्षणभर स्थिर राहता येत नसेल, तरच ताकदीचा प्रश्न. व्ही-शून्य, व्ही-एक अशा सुरुवातीच्या सोप्या श्रेणींच्या प्रॉब्लेममध्ये ही वेळ फार क्वचित येते.

ताकदीला मी कमी लेखत नाही. आधुनिक बोल्डरिंगचा पाया घालणारे अमेरिकेचे जॉन गिल मुळात जिम्नॅस्टिक्स करणारे. हाताला चॉक (घाम टिपणारी पांढरी पूड) लावायची सवय त्यांनीच १९५०च्या दशकात तिथून चढाईत आणली. पण क्रम पाळा. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. बोटांतल्या कंडरा आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या कड्यांना कित्येक महिने लागतात. हे मला माहीत नव्हतं. चौथ्या महिन्यात मी फिंगरबोर्डवर (बोटांनी लटकायची, अरुंद खाचांची फळी) लटकायला लागले, आणि एका संध्याकाळी अनामिकेत 'टक्' झालं. दोन महिने भिंत बंद. म्हणून पहिलं वर्षभर फिंगरबोर्ड नको. बारीक होल्डवर तर्जनीवर अंगठा दाबून बोटं घट्ट मुडपायची पकडही नको. बोटं उघडी ठेवूनच धरा. आठवड्यातून दोन दिवस पुरे, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. घरी जोर काढा, म्हणजे ओढणाऱ्या स्नायूंच्या जोडीला ढकलणारेही तयार होतील. बैठका काढा. बारला दोन्ही हातांनी खांदे सावरून दहा-दहा सेकंद लटका.

माझ्या रविवारच्या गटात एक तरुण आहे, पंधरा पुल-अप्स सहज मारतो. निळ्या होल्डच्या एका प्रॉब्लेममध्ये चौथ्या होल्डवरून तो तीन आठवडे पडत होता. डावा पाय तळव्यावर टेकत होता, तो अंगठ्यावर आणला आणि त्याच दिवशी तो वर पोचला. त्याच गटात साठीजवळच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. पावलं इतकी नेटकी, की मी इतरांना त्यांच्याकडे बघायला सांगते. पण पुढे झुकलेल्या भिंतीवरचा एक गोल, गुळगुळीत होल्ड त्यांना धरता येत नव्हता. तीन पद्धती करून पाहिल्या, ताज्या हातानेही पाहिलं. ती ताकदच कमी होती. त्यांना बारला लटकायला सांगून पाच आठवडे झाले. गेल्या रविवारी त्या होल्डवर दोन सेकंद टिकल्या.